मीठ काय म्हणता?

मे महिना लागला की आमच्या वाडीत कोणी कोणाची तब्येत विचारायचं नाही. विहिरीवर, कुंपणापलीकडून, टोपली डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघालेली बाई मान न वळवता एकच प्रश्न टाकायची, "मीठ काय म्हणता?" म्हणजे आज मीठ काय म्हणतंय. आमच्या पडवीतून माझे सासरे एका शब्दात उत्तर द्यायचे, "सुका," किंवा "घामेजला." तेवढ्यावर वाडीतल्या बायका बारीक कोळंबीसारखा जवळा वाळत घालायचा की गोळा करायचा ते ठरवीत. सगळी वाडी त्यांना बाबा म्हणायची, आणि मीही.

लग्न होऊन मी मालवणजवळच्या या वाडीत आले ती १९९९ साली. माझं माहेर कट्टा गावाच्या आतल्या अंगाला, भात नि काजूवाल्यांचं. समुद्र आम्हाला वर्षातून एकदा, जत्रेला गेलो तर दिसायचा. लग्नानंतर चौथ्या दिवशी पहाटे चूल पेटवायला उठले, तर सासरे स्वयंपाकघरात मिठाच्या मडक्यात हात घालून उभे. आमच्याकडे पुरुष मंडळी मडक्यात हात घालीत नसत, फार तर ताटात घालीत. मी दाराआड थांबले. त्यांनी चिमूटभर मीठ काढलं, अंगठा नि बोटात चोळलं, डोळे मिटले, "सुका" असं कोणालाच न सांगता म्हणाले आणि मीठ परत मडक्यात टाकून निघून गेले.

नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मीठ बघतत."

मीठ बघतात म्हणजे काय? मीठ काल मडक्यात होतं, आजही मडक्यातच आहे, उद्याही तिथेच असणार. मी चार दिवसांची नवरी, म्हणून गप्प बसले. पण आपण ज्या घरात पडलो ते जरा हललेलं आहे, असं मला त्या दिवशी प्रामाणिकपणे वाटलं होतं.

हळूहळू कळलं. हवेत पाणी वाढलं की खडे मिठाला घाम सुटतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण बाबांचं म्हणणं असं, की किनाऱ्यावरच्या खोपीतल्या मिठाच्या पोत्याची साक्ष चालायची नाही. ते समुद्राच्या तोंडावर पडलेलं, बारा महिने ओलंच. साक्ष धरायची ती चुलीजवळच्या मडक्याची. जे मीठ दिवसभर शेकत बसतं, त्याला जर घाम फुटला, तर चोवीस तासांत पाऊस येणार म्हणजे येणार. बाकीच्या खुणाही ते बघत. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा बंद पडला का, समुद्राची गाज दक्षिणेकडून ऐकू येते का, कुर्ल्या म्हणजे खेकडे बिळं सोडून वर सरकल्यात का. पण हे सगळे साक्षीदार. न्यायाधीश एकच, तो चुलीजवळ बसलेला.

सासूबाईंचा न्यायाधीश वेगळा होता. त्यांचा डावा गुडघा. त्या मासे विकायला बाजारात जायच्या, जिभेला धार होती, आणि नवऱ्याच्या मिठावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"माझा ढोपर म्हणता पाऊस येतलो," त्या सकाळी जाहीर करायच्या.

"तुझा ढोपर गेल्या दिवाळीपासून पाऊस सांगता," बाबा म्हणायचे. "पडलो काय?"

"पडतलो मां कधीतरी."

आणि तो कधीतरी पडायचाच, त्यामुळे गुडघा कधी हरला नाही.

माझे वडील काजू घेऊन यायचे तेव्हा तर पडवीत सभाच भरायची. वडील शेतकरी. त्यांच्या मते कावळ्याने आंब्यावर घरटं केलं की पाऊस भरपूर, काटेरी झाडावर केलं की रडकथा. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की भाताचं बी झाकून ठेवायचं. बाबांना हे सगळं पोरकट वाटायचं. "कावळ्याक काय कळता? तो गाव बघान घर बांधता," ते म्हणायचे. वडिलांना मिठाचं हसू यायचं. दोघे शेजारी शेजारी बसून वाद घालायचे. एक जमिनीकडे बोट दाखवायचा, दुसरा पाण्याकडे. पाऊस जिथून येतो त्या आभाळाकडे मात्र दोघांपैकी एकही बघायचा नाही. मी चहा ठेवून आत जायचे आणि पोट धरून हसायचे. मी बारावी झालेले होते. मला वाटायचं, हे सगळं म्हाताऱ्यांच्या करमणुकीचं आहे. त्यामुळे वाडीतल्या झाडून साऱ्या बायका तो प्रश्न विचारायच्या, मी मात्र कधी विचारला नाही.

मग मला अंगणवाडीत काम मिळालं, आणि मालवणात तीन दिवसांचं शिक्षण घ्यायला बोलावलं. तिथे एका बाईंनी दोन बशांत मीठ ठेवलं. एकात आपलं नेहमीचं खडे मीठ कुटून, दुसऱ्यात पाकिटातलं. दोन्हींवर एका बाटलीतला थेंब टाकला. पाकिटातलं मीठ झर्रकन जांभळं झालं. आपलं पांढरं ते पांढरंच. बाई म्हणाल्या, जांभळं होतं त्यात आयोडीन असतं, ते पोटात गेलं नाही तर मुलांचे गळे सुजतात आणि डोकं चालत नाही. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी परत येताना एसटीत सगळ्या वाटेत तिच्या गळ्याचा विचार करत होते. घरी आल्या आल्या तिला धरून मान चाचपली, तेव्हा ती किंचाळली आणि सासूबाईंनी मला विचारलं, पोरीला कशाला आवळतेस.

बाटली मीही घेऊन आले होते. मडक्यातल्या मिठावर थेंब टाकला. पांढरं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी विषय काढला. "बाबानू, कंपनीचा मीठ आणूया काय? चेडवाच्या गळ्याक बरा."

बाबांनी घास खाली ठेवला. "आमच्या सात पिढयेनी ह्याच मीठ खाल्ल्यानी. कोणाचो गळो सुजलो? दाखय माका एक."

सात पिढ्यांचे गळे बघायला मी कुठे होते? पण हे तोंडावर म्हणता येईना. "आणि कंपनीच्या मिठाक दर्याची वळख तरी आसा काय?" असं म्हणून त्यांनी वाद मिटवला. निदान त्यांच्या बाजूने.

माझ्या बाजूने तो मिटला नव्हता. मला एक वाईट खोड आहे. समोरच्याने नाही म्हटलं की मी वाद घालत नाही, मान हलवते आणि करायचं तेच करते. मार्चमधल्या एका दुपारी घरात कोणी नसताना मी मडक्यातलं खडे मीठ खोपीतल्या पोत्यात रिकामं केलं आणि दोन पाकिटं मडक्यात ओतली. वर जुन्या मिठाचे चार खडे ठेवले, देखाव्याला, आणि कोणी विचारलंच तर मीठ कुटून भरलंय असं सांगायचं ठरवलं. पाकिटं चुलीत जाळली. मुलीचा गळा वाचला, या आनंदात मी त्या दिवशी गाणं म्हणत भांडी घासली.

बारीक मीठ मुठीत जास्त मावतं, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. सासूबाईंनी नेहमीच्या मापाने मूठ टाकली. त्या दिवशीची आमटी अशी खारट झाली की आम्ही सगळ्यांनी मिळून एक कळशी पाणी संपवलं. त्याचं खापर माझ्यावर फुटलं, मी मसाल्यात आधीच मीठ घातलं असणार म्हणून. मी निमूट ऐकून घेतलं. आठवडाभरात सासूबाईंची मूठ आपोआप लहान झाली. का झाली, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मेचा शेवटचा आठवडा आला. होड्या वर ओढायची वेळ झाली होती. वाडीत शेवटचा जवळा आला, आणि तोही असा, की गेल्या चार वर्षांत आला नव्हता. हा सुकला की सगळ्यांची पावसाळ्याची बेगमी. दोन-अडीच महिने घरात ताजी मासळी नसते, तेव्हा भाकरीबरोबर सुक्या जवळ्याची चटणी हाच काय तो आधार. शिवाय उरलेला विकून पोरांची दप्तरं यायची. शेजारच्या काकीचा जवळा सगळ्यात जास्त होता. ती पहाटेच आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभी राहिली. तिच्यामागे आणखी पाच-सहा जणी.

"बाबानू, मीठ काय म्हणता?"

त्या सकाळी मतलई वारा पडला होता. पानही हलत नव्हतं. गाज दक्षिणेकडून येत होती, आणि सासूबाई खाटेवर बसून गुडघा दाबत होत्या. "येतलो," त्या म्हणाल्या. "आज माझो ढोपर फुटता." बाबांनी पडवीतून कान देऊन समुद्र ऐकला. त्यांचा चेहरा मला आठवतो. ते अस्वस्थ होते. ते आत आले, मडक्यात हात घातला, मीठ चोळलं. पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. तिसऱ्यांदा घेतलं. मी चुलीपाशी भाकरी थापत होते आणि माझ्या डोक्यात काहीही आलं नाही. खरंच काही नाही. मी फक्त एवढाच विचार केला, की आज म्हातारा फारच चोळतो आहे.

"सुका," ते शेवटी म्हणाले. "खडखडीत सुका. पसरा."

वाडीने पसरला. किनाऱ्यावर जुनी जाळी अंथरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळाच जवळा. गुलाबी झाला होता सगळा किनारा. दहा वाजले, अकरा वाजले. साडेअकराला समुद्रावर एक काळी रेघ दिसली. मग ती रेघ राहिली नाही.

पुढच्या पाव तासात जे झालं ते आता आठवलं की हसू येतं, तेव्हा मात्र जीव गेला होता. बायका धावत सुटल्या. कोणी टोपली घेऊन, कोणी परात घेऊन. काकीने घरातली मच्छरदाणीच ओढून आणली आणि जवळ्यावर घातली, जणू पाऊस डासांचा होता. एकीने अंगावरचं लुगडं सोडून जवळ्यावर टाकलं आणि मग कुठे पळावं तिला कळेना. माझा नवरा जाळ्याची दोन टोकं धरून ओढत होता, उरलेल्या दोन टोकांना कोणीच नव्हतं, त्यामुळे जवळा मागून सांडत होता. पावसाचं पाणी उतारावरून वाहत समुद्रात निघालं आणि त्याबरोबर जवळाही. आल्या वाटेने परत गेला बिचारा.

मी भिजत घरात आले. का कोण जाणे, सरळ मडक्यापाशी गेले आणि हात घातला. बाहेर पन्हळी बदाबदा ओतत होत्या, भिंतींना पाणी सुटलं होतं, आणि मडक्यातलं मीठ माझ्या बोटांतून रव्यासारखं सुळसुळ खाली पडलं. कोरडं. या मिठाला घाम कसला येतो! त्यासाठीच तर लोक ते विकत घेतात. मुलीचा गळा वाचवता वाचवता मी वाडीच्या न्यायाधीशाची जीभ कापली होती.

तेवढ्यात बाबा आत आले. नखशिखांत भिजलेले. मी बाजूला झाले. त्यांनी मडक्यात हात घातला, मीठ काढलं, आणि या खेपेला चोळलं नाही. जिभेवर ठेवलं. मग मागच्या दाराने पावसात परत गेले. मला वाटलं, म्हातारा खचला.

मी सांगायला हवं होतं. त्याच क्षणी, त्यांच्यामागे धावत जाऊन. मी सांगितलं नाही. मी घाबरले. त्या दिवशी किनाऱ्यावरच्या बायकांचे चेहरे मी पाहिले होते आणि त्या चेहऱ्यांना आता एक नाव हवं होतं. ते नाव माझं नसावं, एवढंच मला वाटलं. ही माझी कबुली आहे, आणि ती लिहिताना आजही मला माझी चीड येते.

पुढचे अडीच महिने "मीठ काय म्हणता?" हा प्रश्न टोमणा झाला. बाबा पडवीत बसलेले असले की जाता येता कोणीतरी विचारायचंच, आणि उत्तर ऐकायला थांबायचं नाही. धो धो पावसात डोक्यावर इरलं घेतलेला माणूस ओरडायचा, "बाबानू, आज सुका काय?" बाबा हसायचे. उत्तर द्यायचे नाहीत. पहाटे उठून मडक्याकडे जाणं त्यांनी सोडलं. किनाऱ्यावरच्या खडकावर बसून गाज ऐकणंही सोडलं. सासूबाई एरवी संधी सोडणाऱ्या नव्हत्या, पण त्याही गुडघ्याबद्दल बोलेनाशा झाल्या. पावसाळाभर त्यांचा गुडघा बरोबर निघत होता आणि तरी त्या गप्प. घरात एवढी शांतता मला सोसेना.

मग मी भांडायला लागले. एक दिवस विहिरीवर काकी म्हणाली, "तुझ्या सासऱ्याचा मीठ भरडून आमी चटणी केली, दुसरा काय होता घरात?" मी घागर तिथेच आपटली. म्हटलं, पंचवीस वर्षं त्यांच्या शब्दावर सुकवलात तेव्हा कोणी चटणीचं विचारलं नाही, एकदा चुकले तर म्हाताऱ्याची चामडी सोलता? माझा आवाज असा चढला की वाडीतले कुत्रे भुंकायला लागले. काकी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. जणू मीच वेडी. मला वाटलं, माझ्या तोंडावरच लिहिलंय सगळं, आणि मी घागर न भरताच घरी आले.

नारळी पौर्णिमा जवळ आली. आमच्याकडे त्या दिवशी समुद्राला नारळ देतात, तोपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही. पण नारळ दिला म्हणजे दुसऱ्याच दिवशी निघायचं असंही नाही. पाणी कधी निवळेल ते बाबा सांगणार आणि मग माझा नवरा जाणार, अशी रीत. त्याने विचारलं, "बाबा, परवा जावंया काय?"

"माका इचारू नको," बाबा म्हणाले. "रेडिओक इचार."

रेडिओला विचारलं. रेडिओ म्हणाला, कोकणात काही ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी. "काही ठिकाणी म्हणजे खंय?" नवऱ्याने रेडिओलाच विचारलं. रेडिओ पुढच्या गाण्याकडे वळला. नवरा रात्री धड जेवला नाही. तो न विचारता, न ऐकता समुद्रावर कधी गेलाच नव्हता. आणि तेव्हा मला भीती वाटली, आधीपेक्षा वेगळी. जवळा गेला तो गेला. पण या घराने कान बंद करून होडी लोटली तर काय?

नारळ द्यायला सगळी वाडी किनाऱ्यावर जमली होती. पुरुष पुढे, बायका मागे. नारळ लाटेवर गेला, सगळ्यांनी हात जोडले. हात सुटण्याआधी मी काकीचा दंड धरला आणि एका दमात बोलले. "काकी, बाबांची चूक नाय. मडक्यातला मीठ बदललेला होता. कंपनीचा होता. म्हणान तेका घाम येवक नाय."

काकीने माझ्याकडे पाहिलं. "ह्या काय नवीन सांगतंस? आमका म्हायत आसा."

मी तिचा दंड सोडला.

"त्याच दिवशी तुझो सासरो आमच्या खळ्यात इलो," काकी म्हणाली. "भर पावसात. घरोघर गेलो. म्हणालो, नातीच्या गळ्यासाठी कंपनीचा मीठ मीच आणलंय, मीच मडक्यात ओतलंय आणि मीच इसारलंय. काय बोलूचा ता माका बोला."

"मगे माका कोणी कित्याक नाय सांगला?"

"तेणी शपथ घातल्यान. म्हणालो, जवळो ह्या मिठान गेलो ता सुनेक कळला, तर ती चेडवाक ता मीठ घालूची नाय."

वाडीत गुपित टिकत नाही म्हणतात. टिकतं, पण ज्याच्याबद्दल असतं फक्त त्याच्यापासून. अडीच महिने मी एकटीच मला अक्कल आहे असं समजून फिरत होते.

मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही. "बाबांनी नाय," मी म्हटलं. "मी बदललंय. तेंका म्हायतच नव्हता."

काकीने कपाळावर हात मारला. "म्हणजे आमी म्हाताऱ्याक उगाच तासलो?" आणि लगेच, "थांब. आता तुझी बारी." ती बारी पुढे कित्येक वर्षं चालली. वाडीत माझं नावच "कंपनीचा मीठ" पडलं. दूधवालासुद्धा त्या नावाने हाक मारायचा. पण त्या दिवशी मला ते नाव सोन्याच्या दागिन्यासारखं वाटलं.

बाबा होडीला टेकून उभे होते. मी जवळ गेले. त्यांनी वर न बघता विचारलं, "सांगलंस?"

"सांगलंय. तुमका कसा कळला?"

"जिभेवर ठेवलंय. पन्नास वर्षां खारो बांगडो खाल्लंय, माका आमचा मीठ कळूचा नाय?"

"मगे बाबानू, तुमी मीठ बघूचा कित्याक सोडलास? चूक तर माझी होती."

"मीठ बदललंस ती चूक तुझी," ते म्हणाले. "पण कान सांगी होते, वारो सांगी होतो, हिचा ढोपर सांगी होता. सगळे खरा सांगी होते, आणि मी मडक्याचा आयकलंय. ती चूक माझी. मगे लोकांका कसा सांगू, जावा म्हणान?"

खोपीतलं मीठ पावसाने पाझरून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून खडे मीठ आणलं. दुकानदाराने ते मागच्या बाजूला, गुरांच्या पेंडीशेजारी ठेवलं होतं. मडकं धुऊन, शेकून त्यात ते भरलं आणि चुलीजवळ ठेवलं. पाकिटातलं मीठ बरणीत घालून फळीवर. बरणी जेवायला, मडकं बोलायला.

त्यानंतरच्या पहाटे बाबा उठले. चूल मी पेटवली होती, नवरा दारात उभा होता. बाबा मडक्यावरून तसेच पुढे गेले, बाहेर, खडकावर. बराच वेळ बसले. मग आत आले आणि मडक्यात हात घातला.

"बाबानू," मी विचारलं, "मीठ काय म्हणता?" लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती, आणि हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते.

ते हसायला लागले. "श्रावणात मीठ काय म्हणतला गो? ओला ता ओला!" मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, "जा. पण दुपारी वारो उठतलो. बाराच्या आत परत ये."

नवरा गेला आणि सांगितल्याप्रमाणे बाराच्या आत परत आला, अर्धी टोपली कोळंबी घेऊन. वारा उठलाच नाही. बाकीच्या होड्या संध्याकाळपर्यंत आरामात बसून तिप्पट कोळंबी घेऊन आल्या. वाडी पुन्हा हसली. आणि बाबा सगळ्यांत जास्त हसले. पडवीत बसून येणाऱ्या जाणाऱ्याला स्वतः बोलावून सांगत होते, "आज चुकलंय! ही माझी चूक. हिच्यात मिठाचो वाटो नाय." सासूबाई म्हणाल्या, माझ्या गुडघ्याला विचारलं असतं तर दिवसभर मासे मिळाले असते.

बाबा २००७ साली गेले. त्यानंतरच्या मेमध्ये काकीने कुंपणापलीकडून सवयीने विचारलं, आणि उत्तर द्यायला मीच उरले होते. आता पाऊस मोबाइलवर येतो, पण काकीला तो वाचता येत नाही आणि मला त्याच्यावर भरवसा नाही. मी आधी बाहेर जाते, कान देते, मुंग्या बघते, कावळा कोणत्या झाडावर आहे तेही बघते, कारण माझे वडीलही काही अगदीच वेडे नव्हते. मग मडक्यात हात घालते.

२०१० च्या मेमध्ये एका सकाळी बाहेरच्या सगळ्या खुणा कोरड्या होत्या, पण मीठ हाताला चिकटलं. चांगलं ओलं होतं. बाबांनी खाल्लेली ठेच मी पुन्हा खाल्ली. मडक्याचं ऐकलं. "उचला," मी म्हटलं. वाडीने पसरलेला जवळा गोळा करून घरात नेला. दिवसभर असं ऊन पडलं की पायाला वाळू सोसेना. दुपारी काकी आली. "खंय गो तुझो पाऊस? जवळो घरात कुसता."

मी मडक्याकडे गेले. त्याच्या काठावर सुकलेल्या पाण्याचा पांढरा ओघळ होता आणि मागे तांब्या आडवा. दारात माझी मुलगी उभी होती, नऊ वर्षांची. सकाळी मी उठायच्या आधी ती पाणी प्यायला आत आली असणार. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तो चेहरा ओळखला. मी तो अडीच महिने घातला होता.

"माझो हात ओलो होतो, काकी," मी म्हटलं. "चूक माझी. काय बोलूचा ता माका बोल."

"कंपनीचा मीठ ता कंपनीचा मीठ," काकी म्हणाली आणि जवळा परत पसरायला गेली.

काकी गेल्यावर मुलगी जवळ आली. "आई, मडक्यात पाणी माझ्याकडना सांडला."

"म्हायत आसा माका."

"मगे तू तुझा नाव कित्याक सांगलंस?"

मला तिला पुष्कळ सांगायचं होतं, पण ती आधीच घाबरली होती. "मडका उन्हात ठेव," मी म्हटलं. "सुकला की नवीन मीठ भर. आणि उद्या सकाळी मीठ तू बघ. पण आधी भायर जावन कान दी."

तिने दोन्ही हातांनी मडकं उचललं.